शोरूम तीनशे किलोमीटर लांब आणि स्पोर्ट्स कार बंद: मराठवाड्यातल्या रस्त्यांसाठी मार्गदर्शक

लातूरहून पुणे सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे, नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशेच्या आसपास, संभाजीनगरहून पुणे सव्वादोनशेच्या वर. बहुतेक स्पोर्ट्स कारची अधिकृत वर्कशॉप याच मोठ्या शहरांत नाहीतर थेट मुंबईत. गाड्या मात्र आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. २०१० साली तेव्हाच्या औरंगाबादेतल्या मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. ऑडीच्या गाड्या जुळवणारा कारखाना संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यातच आहे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाल्यापासून जालना-संभाजीनगरच्या पट्ट्यात पोर्शे ९११, फोर्ड मस्टँग, मर्सिडीज-एएमजी अशा गाड्या शनिवार-रविवारी हमखास दिसतात. गाड्या आल्या, रस्ते आले, पण त्यांवर काम करणारी माणसं अजून शहरांतच आहेत.

हा लेख त्या मधल्या अंतरासाठी आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. रस्त्यावर दुरुस्तीच्या खटपटीत जेवढं नुकसान होतं, तेवढं मूळ बिघाडाने क्वचितच होतं. फुटलेला होजपाइप काही हजारांत बदलून मिळतो. तोच फुटलेला असताना ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणून दामटलेलं इंजिन लाखांत जातं. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट सांभाळायची: गाडी जशी बंद पडली तशीच, आणखी न बिघडता, योग्य माणसाच्या हातात पोचली पाहिजे.

पहिली दहा मिनिटं

गाडी अडखळायला लागली की हॅझर्ड लावा आणि वेग असतानाच डावीकडे या. इंजिन बंद पडल्यावर पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला एक-दोनदाच नेहमीसारखी ताकद मिळते, त्यामुळे ब्रेक सारखा दाबून-सोडून ती ताकद घालवू नका.

कुठे थांबायचं हे आपल्या भागात नीट बघावं लागतं. एप्रिल-मेमध्ये कडेच्या वाळलेल्या गवतावर, पाचटावर किंवा पऱ्हाटीच्या काड्यांवर गाडी घेऊ नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा डबा) काहीशे अंशांपर्यंत तापलेला असतो आणि स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीपासून वीतभरही वर नसतं. गवत पेटायला तेवढं पुरतं. पावसाळ्यात याच्या उलट, डांबर सोडून काळ्या मातीत चाक घालू नका. मागची रुंद चाकं काळ्या मातीत रुतली की ट्रॅक्टरशिवाय निघत नाहीत आणि ट्रॅक्टरने ओढताना बंपर हमखास तुटतो.

नंतर माणसं बाहेर. सगळ्यांनी डाव्या दारानेच उतरायचं, रेलिंग असेल तर त्याच्या पलीकडे जायचं आणि गाडीपासून थोडं मागे, येणारी वाहनं दिसतील असं उभं राहायचं. त्रिकोण दुपदरी रस्त्यावर निदान ५० मीटर मागे, समृद्धीवर शंभराच्याही मागे ठेवा. नोव्हेंबर ते मार्च हा गाळपाचा हंगाम. बीड, धाराशिव, लातूरकडच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या चालतात, त्यांतल्या कित्येकींना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाखाली झाकलेला असतो. अशा रात्री गाडीत बसून राहणं सर्वांत धोक्याचं.

उन्हाळ्याच्या दुपारी माणसांची सोय गाडीच्या आधी. ४२ अंशांत एसी बंद पडलेली गाडी दहा मिनिटांत तापते. लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर मिळेल त्या वाहनाने त्यांना जवळच्या ढाब्यावर किंवा पंपावर पाठवा, गाडीपाशी एकाने थांबलं तरी पुरतं.

दिवा कुठल्या रंगाचा आहे?

चावी काढण्याआधी डॅशबोर्डचा फोटो काढा. सगळे दिवे, सगळे संदेश, तापमानाचा काटा, किलोमीटर. हा फोटो पुढे सर्व्हिस अॅडव्हायजरला, विम्याला आणि वॉरंटीला, तिघांनाही लागतो. त्यानंतर निर्णय असा:

लाल दिवा, म्हणजे ऑइलचा दाब, तापमान किंवा ब्रेक: इंजिन ताबडतोब बंद, पुन्हा चालू करून बघायचं नाही. ‘फक्त सावलीत घेतो’ एवढंसुद्धा नाही. ऑइलचा दाब गेल्यावर टर्बो आणि बेअरिंग खराब व्हायला मिनिटही लागत नाही.

पिवळा चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो आतून वितळवतं. थांबा.

पिवळा दिवा स्थिर आहे, गाडी ताकद देत नाही, एका गिअरच्या पुढे जात नाही: ही लिंप अवस्था. गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःहून ताकद कमी केलेली असते. ऑइलचा दाब आणि तापमान ठीक असेल तर हळूहळू जवळच्या गावापर्यंत जाता येतं. थांबून, गाडी लॉक करून, दहा मिनिटांनी पुन्हा चालू केल्यावर कधी ती आपोआप नीटही होते. तरी कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, वाचल्याशिवाय लांबचा प्रवास करू नका.

कोड वाचायला ब्लूटूथवाला छोटा ओबीडी स्कॅनर मिळतो, हजार-दोन हजारांत. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि मोबाइलवर बघायचं. पी०३०० म्हणजे अनेक सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये, पी०२१७ म्हणजे इंजिन जास्त तापलं, पी०५६२ म्हणजे विजेचा दाब कमी. कोडचा स्क्रीनशॉट काढा आणि तिथेच थांबा. ‘क्लिअर’चं बटण दाबू नका. कोडसोबत त्या क्षणीचा वेग, तापमान, आरपीएम यांची नोंद असते, ती पुसली की वर्कशॉपला पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यावा लागतो.

फोन कुणाला, कोणत्या क्रमाने

जीवाला धोका असेल तर ११२, जखमी कुणी असेल तर १०८. राष्ट्रीय महामार्गावर असाल, म्हणजे सोलापूर-धाराशिव-बीड-संभाजीनगर हा ५२ क्रमांकाचा किंवा लातूर-नांदेडचा ३६१, तर १०३३. समृद्धी राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे आहे, त्याचा मदत क्रमांक रस्त्यावरच्या फलकांवर असतो, चढतानाच फोनमध्ये टिपून ठेवा. समृद्धीवर बाहेरचा मिस्त्री दुचाकीवर येऊ शकत नाही, ट्रॅक्टरला परवानगी नाही, म्हणून तिथे गस्तीच्या गाडीवरच भिस्त.

मग गाडीच्या कंपनीची रोडसाइड असिस्टन्स किंवा विम्याची, जी चालू असेल ती. फोनवर ‘बीडच्या अलीकडे’ असं सांगून भागत नाही. समोरचा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या राज्यात बसलेला असतो. किलोमीटरचा दगड किंवा फलक, रस्त्याची बाजू, जवळचा पंप आणि व्हॉट्सअॅपवर लोकेशन द्या. मांजरसुंब्याच्या घाटात, कन्नडच्या औट्रम घाटात रेंज मधूनच जाते, तेव्हा एका फोनमध्ये सगळं सांगून तक्रार क्रमांक घेऊन ठेवा.

फ्लॅटबेड म्हणजे सपाट पाठीवर अख्खी गाडी चढवून नेणारा ट्रक, विंच म्हणजे तारेने गाडी वर ओढणारं यंत्र. ही तीन वाक्यं जरूर बोला: “गाडी बसकी आहे, फ्लॅटबेडच पाहिजे. चाक उचलून नेणारी क्रेन चालणार नाही. विंच आणि चाकाला बांधायचे पट्टे आहेत का, ते ड्रायव्हरला विचारून मला सांगा.” हे न बोलल्यास तीन तासांनी हुकाची क्रेन समोर येऊन उभी राहते.

विम्याचं आधीच बघून ठेवा. साध्या पॉलिसीत खाजगी कार जवळच्या गॅरेजला नेण्याचा खर्च फक्त १,५०० रुपयांपर्यंत धरलेला असतो. लातूरहून पुण्याला फ्लॅटबेड न्यायची तर हा आकडा कुठेच पुरत नाही. रोडसाइड असिस्टन्सचं वेगळं कव्हर घेताना किती किलोमीटरपर्यंत फुकट नेतात हे वाचा. आपल्याकडून तीनशेचं अंतर धरूनच घ्या. इंजिन प्रोटेक्टचंही कव्हर असावं, कारण तळ फुटून ऑइल गळाल्यावर इंजिन जाम झालं तर साध्या पॉलिसीत ते बसवून घेणं कठीण जातं.

बॅटरी

या गाड्या आठवडा-आठवडा गॅरेजमध्ये उभ्या असतात, अलार्म आणि कॉम्प्युटर सतत थोडी वीज खात असतात. त्यामुळे बंद पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण बॅटरी हेच असतं. त्याआधी किल्लीतला सेल बघा. बहुतेक किल्ल्यांत सीआर-२०३२ हा गोल सेल असतो, तालुक्याच्या कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. किल्लीचा सेल गेला असला तरी ती ठरावीक जागी टेकवून गाडी चालू होते, ती जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

बॅटरी खरंच उतरली असेल तर जंपरने चालू करता येते, पण वीज कुठून घेता याला फार महत्त्व आहे. आपल्याकडे मदतीला पहिल्यांदा ट्रक किंवा एसटीच थांबते. ट्रक आणि बस यांची यंत्रणा २४ व्होल्टची, आपली १२ची. ट्रकवरून जंपर दिला तर इंजिनाचा कॉम्प्युटर, गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर, डिस्प्ले, सगळंच जळू शकतं. ट्रकवाले दादा कितीही आपुलकीने म्हणाले तरी हात जोडून नकार द्या. ट्रॅक्टर १२ व्होल्टचा असतो, दुसरी कारही १२ची. ट्रॅक्टर घेतलात तर त्याचं इंजिन बंदच ठेवा, जुन्या ट्रॅक्टरच्या डायनामोचा दाब एकसारखा राहत नाही.

क्रम असा:

१. लाल तारेचं एक टोक आपल्या गाडीच्या धन टोकाला.
२. लाल तारेचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या धनाला.
३. काळी तार ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या ऋणाला.
४. काळ्याचं शेवटचं टोक आपल्या गाडीच्या अर्थिंगच्या बोल्टला. बॅटरीच्या ऋणावर थेट नाही. तिथे बसवलेला सेन्सर बिघडतो आणि ठिणगीही बॅटरीजवळच पडते.

पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग सेल्फ मारा. काढताना उलट्या क्रमाने.

कित्येक गाड्यांत बॅटरी डिकीत असते, ९११ मध्ये पुढच्या डिकीत. ती डिकी विजेवर उघडते आणि वीजच नसते. काही ९११ मॉडेलांत ड्रायव्हरच्या पायाजवळच्या फ्यूजबॉक्समधून एक लाल टोक बाहेर ओढता येतं. त्याला १२ व्होल्टचं धन आणि दाराच्या कडीच्या धातूला ऋण लावलं की पुढची डिकी उघडण्यापुरती वीज मिळते. इंजिन त्या टोकावरून चालू करायचं नाही. तुमच्या मॉडेलची पद्धत कोणती, हे घरी असतानाच वाचून ठेवा.

गाडी चालू झाल्यावर मल्टिमीटर लावा. साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर ठीक आहे, निर्धास्त निघा आणि मध्ये कुठे बंद करू नका. बारा-सव्वाबाराच दिसत असतील तर बॅटरी भरतच नाही, तासाभरात पुन्हा थांबाल. अशा वेळी जिथे उभे आहात तिथूनच फ्लॅटबेड मागवा. आणि लिथियमची स्टार्टर बॅटरी असेल तर गावातल्या बॅटरीवाल्याच्या चार्जरला ती लावू देऊ नका.

गाडी गरम झाली

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा बिघाड सगळ्यात जास्त काळजीने हाताळायचा. काटा नेहमीपेक्षा चढलेला पण लालच्या अलीकडे असेल, तर एसी बंद, हीटर पूर्ण वर, ब्लोअर फुल, काचा खाली. हीटर इंजिनाची उष्णता आत ओढतो. बसणाऱ्याला त्रास होतो, पण घाट संपेपर्यंत तेवढ्याने निभतं. लालमध्ये गेला की वर लाल दिव्याला सांगितलं तेच: थांबा, बंद.

बंद केल्यावरही पंखा काही मिनिटं फिरतो, तिथे हात घालू नका. कूलंट दाबाखाली शंभर अंशांच्याही वर असतं. झाकण आत्ता उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. किमान पाऊण तास थांबा, वरचा होज हाताला कोमट लागला तरच जाड फडकं धरून झाकण सावकाश फिरवा.

तोवर खाली वाकून बघा. पुढच्या जाळीत काय अडकलंय? वेचणीच्या दिवसांत जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून कापूस उडतो, तो जाळीवर थरासारखा बसतो आणि हवाच आत जात नाही. पॉलिथिनची एक पिशवीसुद्धा पुरते. हा अडथळा काढल्यावर गाडी पुन्हा पहिल्यासारखी चालल्याचं मी पाहिलं आहे. खडा लागून रेडिएटरला भोक पडलं असेल तर थेंबांचा माग दिसतो, कूलंटचा रंग गुलाबी, निळा किंवा हिरवा असतो आणि वास गोडसर. एसीचं पाणी बिनरंगी, बिनवासाचं. ते टपकत असेल तर चिंता नाही.

ज्यांची इंजिनं मागे किंवा मधोमध आहेत त्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मध्ये गाडीच्या पोटाखालून लांबलचक पाइप. गतिरोधकाला तळ घासला की मार या पाइपांना बसतो. शिवाय एवढ्या लांब पाइपांत हवा अडकते. नुसतं वरून भरून काटा खाली येत नाही, वर्कशॉपमध्ये निर्वात पद्धतीने भरावं लागतं. म्हणजे मागच्या इंजिनाच्या गाडीत बरंच कूलंट सांडलं असेल, तर भरून चालवण्याचा विचार सोडा.

पातळी थोडीच कमी असेल आणि गळती दिसत नसेल तर भरा, पण बोअरचं पाणी नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं, किटलीत पांढरा थर धरणारं. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तेच होतं. ‘बॅटरीचं पाणी’ म्हणून जे डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते घ्या, बॅटरीच्या दुकानात आणि बऱ्याच पंपांवर असतं. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. नंतर वर्कशॉपला पाणी घातल्याचं आणि किती घातल्याचं सांगा, म्हणजे ते सगळं काढून योग्य प्रमाणात कूलंट भरतील.

ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सही गरम होतो, विशेषतः यात्रेच्या गर्दीत. तुळजापूर, परळी, औंढा नागनाथच्या रस्त्याला रांगेत पावलापावलाने गाडी पुढे सरकवली की क्लच सारखा घसरत राहतो. संदेश आला तर बाजूला घ्या, पार्किंगमध्ये टाका आणि मॅन्युअल सांगत असेल तर इंजिन चालू ठेवा, म्हणजे ऑइल फिरून क्लच थंड होतो. चढावर अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय सोडा, ब्रेक वापरा.

टायर

स्टेपनी नसतेच. पंक्चरचं सोल्यूशन आणि कॉम्प्रेसर असतो, नाहीतर रनफ्लॅट. रनफ्लॅट हवेविना साधारण ८० किलोमीटर, ताशी ८०च्या आत नेतो. सोल्यूशन फक्त मधल्या पट्ट्यातल्या, खिळ्याएवढ्या भोकाला चालतं. बाजू फाटली असेल तर नाही. बाटलीची मुदत बघा, जुनी झाली की ते आतच घट्ट होतं. उसाच्या हंगामात बैलांच्या नालांचे खिळे रस्त्यावर पडतात, तसलं पंक्चर पट्टीने उत्तम निघतं.

गावातल्या पंक्चरवाल्याकडून बाहेरून पट्टी मारून घ्यायला हरकत नाही. टायर मात्र रिमवरून उतरवू देऊ नका. हाताच्या पान्यांनी लो-प्रोफाइल टायर काढताना रिमची कड खरचटते आणि आतला हवेचा सेन्सर तुटतो. जॅक कुठे लावायचा ते खुणेसह दाखवा, मध्ये लाकडाचा तुकडा किंवा रबर ठेवा. लॉकचा बोल्ट असेल तर त्याची चावी गाडीतच हवी. मधोमध एकच मोठा नट असलेली चाकं रस्त्यावर उघडायचीच नाहीत, त्यांना आवळायला साधारण ६०० न्यूटन मीटरचा पीळ लागतो, आणि तेवढा पाना कुठल्याच पंक्चरच्या दुकानात नसतो.

समृद्धीवर चढण्याआधी हवा थंड टायरमध्ये तपासा. काँक्रीट, ऊन, ताशी १२० आणि कमी हवा हे सगळं एकत्र आलं की टायर फुटतो.

गावातल्या मिस्त्रीला काय करू द्यायचं

आपल्याकडच्या मिस्त्रींच्या हाताबद्दल मला मनापासून आदर आहे. बीडच्या जवळ एका रेडिएटरवाल्याने एका मित्राच्या गाडीचा निसटलेला होज बघितला, मूळची स्प्रिंगची क्लिप ढिली पडल्याचं बोटाने दाबून ओळखलं, ट्रॅक्टरच्या डब्यातून मापाची स्क्रूची क्लिप काढली, होजचं टोक फडक्याने कोरडं पुसून कडेपासून बोटभर आत बसवली आणि मगच आवळली. जास्त आवळली तर प्लास्टिकची मान तुटेल, हेही त्यानेच सांगितलं. त्या क्लिपवर गाडी पुण्याला नीट पोचली.

होज, क्लिप, फ्यूज, बेल्ट, लोंबणारा खालचा पत्रा केबल टायने बांधणं, सायलेन्सरचा हँगर, ही कामं निःशंक द्या. पण एक गोष्ट आधीच सांगा: “दादा, बॅटरीचं टर्मिनल काढू नका.” गाडी समजली नाही की बॅटरी काढून लावून बघायची सर्वत्र पद्धत आहे. त्याने कोड पुसले जातात, स्टिअरिंगचा कोन आणि काचांची सेटिंग जाते, मूळ कारण सापडणं अवघड होतं. वायर कापून डायरेक्ट करणं, गिअरबॉक्स उघडणं, मिळेल ते ऑइल टाकणं, यांनाही ठाम नकार. ऑइलचा एक लिटरचा योग्य डबा स्वतःकडेच असू द्या, कारण ०डब्ल्यू-४० असं नुसतं लिहिलेलं पुरत नाही, कंपनीची मान्यताही डब्यावर छापलेली लागते. बऱ्याच गाड्यांत ऑइलची काडीच नसते, पातळी स्क्रीनवर दिसते, म्हणून मिस्त्री काडी शोधत बसू नये हेही आधीच सांगा.

वॉरंटीतली गाडी असेल तर काहीही उघडण्याआधी सर्व्हिस अॅडव्हायजरला व्हॉट्सअॅपवर विचारा आणि होकार लेखी घ्या.

पेट्रोलचंही इथेच सांगतो. यांतल्या बऱ्याच गाड्यांना ९५ किंवा त्याहून जास्त ऑक्टेन लागतं. एक्सपी-९५, पॉवर-९५ अशी नावं जिल्ह्याच्या गावांत शोधा, टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्या. चुकून डिझेल पडलं तर इग्निशनसुद्धा लावू नका, पंप लगेच ते पुढे ढकलतो.

टोचन

फ्लॅटबेड आली की पहिली पंधरा मिनिटं तुमची. चारही बाजूंनी, रिमचे, बंपरच्या खालच्या कडेचे फोटो काढा. गाडी न्यूट्रलमध्ये जाते का, हँडब्रेक विजेचा असेल तर सुटतो का, हे बघा. बॅटरी उतरलेली असेल तर ती सोडवायलाही जंपर लागतो.

ओढायची कडी टूलकिटमध्ये असते. बंपरवरचं छोटं झाकण काढून ती आत फिरवायची. पोर्शे, ऑडी, फोक्सवॅगन यांत आटे उलटे, डावीकडे फिरवल्यावर बसतात. ती पूर्ण बसल्याशिवाय विंच लावू नका.

गेवराईच्या जवळ एका ढाब्यापाशी अशीच एक खाली बसकी गाडी चढवताना मी थांबलो होतो. उताराचा कोन इतका की पुढचा स्प्लिटर (बंपरखालची पट्टी) रॅम्पला टेकत होता. ढाब्यामागे बांधकाम चाललेलं, मालकांनी सेंट्रिंगच्या फळ्या काढून दिल्या. दोन-दोन फळ्या रॅम्पच्या तोंडाशी एकावर एक लावल्या, वरची खालचीपेक्षा हातभर पुढे. चढाव सौम्य झाला, गाडी तीन बोटं अंतर राखून वर गेली. मग ड्रायव्हर काका पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या आर्मला हूक अडकवायला वाकले. गाडीमालक म्हणाला, “काका, तिथं नको. चाकालाच पट्टा टाका.” काका म्हणाले, “साहेब, रोजचंच काम आहे आमचं.” “तुमचं काम मला मान्य आहे, पण याचा आर्म अॅल्युमिनियमचा आहे, खड्ड्यात हिसका बसला की वाकतो.” काकांनी हूक काढला, चारही चाकांवरून पट्टे टाकले आणि दहा किलोमीटरवर थांबून पुन्हा ताणून घेतले. बांधणी अशीच हवी.

चारही चाकांना ताकद जाणारी गाडी दोन चाकांवर ओढत नेणं म्हणजे गिअरबॉक्स घालवणं. धक्का मारून चालू करणं ऑटोमॅटिकमध्ये होतच नाही. आणि ट्रॅक्टरने दोर बांधून नेणं फक्त धोक्याच्या जागेवरून पन्नास-शंभर मीटर बाजूला काढण्यापुरतं, तेही त्याच कडीला बांधून.

ठरलेली रक्कम, कुठे उतरवायची तो पत्ता, टोल कोण भरणार, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. शक्य असेल तर कुणीतरी मागे दुसऱ्या गाडीत राहा.

रात्र काढायची वेळ आली तर

फ्लॅटबेड सकाळी येणार असेल तर गाडी रस्त्यावर सोडू नका. हंगामात साखर कारखान्याचं गेट रात्रभर जागं असतं, वॉचमन असतो, वजनकाट्यापाशी उजेड असतो. शेतकी अधिकाऱ्यांना किंवा गेटवर विनंती केली तर एका कोपऱ्यात जागा मिळते. नाहीतर सीसीटीव्ही असलेला पंप, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तोंडी का होईना कळवून ठेवा. गर्दी जमतेच, मुलं फोटो काढायला येतात. त्यांना हाकलू नका. सायलेन्सर गरम आहे एवढं सांगा, दोघा-तिघांना राखण करायला सांगा. आपल्याकडे माणसं तहानलेल्याला पाणी आणि अडलेल्याला जागा देतात, त्यांच्याशी नीट बोलणाऱ्याचं काम लवकर होतं.

पावसाळ्यात ओढ्याच्या नळकांडी पुलावर पाणी असेल तर थांबा. या गाड्यांचा हवा ओढणारा पाइप खाली असतो. इंजिनात पाणी जाऊन बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही, पाणी दाबलं जात नाही आणि पिस्टनचा दांडा वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि सरळ फ्लॅटबेडवर.

डिकीत काय असावं

जागा थोडी, म्हणून निवडक: कॉम्प्रेसर, पट्टीचं किट, ओढायची कडी, चाकाच्या लॉकची चावी, दोन त्रिकोण, डोक्याला बांधायची बॅटरी, हातमोजे, केबल टाय, चिकटपट्टी, फळकुटाचा तुकडा, ऑइल, एक बाटली तयार कूलंट, ओबीडी स्कॅनर, मल्टिमीटर, पाच लिटर पिण्याचं पाणी. जंप स्टार्टरचा पॅक घेतलात तर तो उन्हात उभ्या गाडीत सोडू नका, सोबत घरात न्या. चेसिस नंबर, पॉलिसी नंबर आणि मदतीचे क्रमांक एका कागदावर लिहा. मॅन्युअल फोनमध्ये आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

वर्कशॉपला पोचल्यावर

गाडी उतरवताना तिथे राहा किंवा व्हिडिओ कॉलवर बघा. जॉब कार्डवर ‘गाडी बंद’ एवढंच लिहू देऊ नका. कधी, कुठल्या वेगात, किती तापमानात, कुठला दिवा आधी लागला, रस्त्यावर कुणी काय घातलं-काढलं, हे तुमच्या शब्दांत लिहायला सांगा आणि डॅशबोर्डचे फोटो, कोडचे स्क्रीनशॉट त्याच वेळी पाठवा. काढलेले जुने सुटे भाग परत मागा. टोचनच्या पावतीवर गाडीचा नंबर, कुठून कुठे आणि तारीख असल्याशिवाय पैसे देऊ नका, विम्याकडे तीच पावती लागते. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी त्याच शहरात पन्नासेक किलोमीटरची करा, पुन्हा कूलंट-ऑइलची पातळी बघा, आणि मगच बालाघाटाच्या दिशेने निघा.